आधी माणसं मोजा, मग विहिरी

प्रति,
मा. मंत्री, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय, भारत सरकार
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ, ओएनजीसी
मा. कार्यकारी संचालक, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय

महोदय,

सविनय नमस्कार.

मी नेरुळला राहतो. मूळचा उरण तालुक्यातला, करंज्याच्या बाजूचा. १९८५ ते २०१९ अशी चौतीस वर्षं मी समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर काढली. सुरुवात डेकवर क्रेनखाली सामान लावण्यापासून झाली. मग फ्लोअरवर आलो, डेरिकवर, म्हणजे खोदाईच्या मनोऱ्यावर, चढलो, आणि शेवटची अकरा वर्षं ड्रिलर, म्हणजे खोदाई चालवणारा, होतो. आता गुडघे जिन्याला नको म्हणतात, म्हणून उरण लोकल सुरू झाल्यापासून आठवड्यातून एकदा तिनेच गावी जाऊन येतो. संध्याकाळी परतताना उरणच्या ओएनजीसी प्रकल्पाची ज्योत दिसते. ती दिसली की मी गप्प होतो, हे आता घरच्यांनाही माहीत झालंय.

दर वर्षी मार्च सरला की एक बातमी येते. सरलेल्या आर्थिक वर्षात ओएनजीसीने किती विहिरी खोदल्या, त्याची. २०२३-२४ मध्ये ५४१. २०२४-२५ मध्ये ५७८, म्हणजे पस्तीस वर्षांतला उच्चांक. ही बातमी मी कापून ठेवतो. माझ्याकडे अशा कात्रणांची एक वही आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं सुमारे ८८ टक्के आपण बाहेरून आणतो. अशा वेळी आपल्याच जमिनीत आणि आपल्याच समुद्रात खोदलेल्या प्रत्येक विहिरीचं मोल मला कळतं. त्या आकड्यावर मला बोट ठेवायचं नाही. त्या आकड्याशेजारी जो दुसरा आकडा छापला जात नाही, त्यासाठी हे पत्र आहे.

पण विहीर म्हणजे काय हे आधी सांगू द्या. तुम्हाला ते माहीत आहे, पण हे पत्र ठाण्यात आणि नवी मुंबईत वाचणाऱ्यांसाठीही आहे. त्यांच्या शेगडीतला पाइपचा गॅस आणि रिक्षातला सीएनजी यांच्यामागे समुद्रातल्या या विहिरी आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांनी रिग पाहिलीय? जुन्या एक रुपयाच्या नोटेवर तेवढी पाहिली असेल. ती ‘सागर सम्राट’. तिनेच फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर दूर भर समुद्रात तेल शोधलं, आणि मे १९७६ मध्ये मुंबई हायचं उत्पादन सुरू झालं.

आपल्याकडच्या उथळ समुद्रात जॅकअप रिग चालते. तिला तीन पाय असतात. टग तिला ओढत जागेवर नेतात, मग पाय खाली सोडायचे. पाय तळाच्या गाळात किती रुततात याचा अंदाज कागदावर असतो, पण समुद्र कागद वाचत नाही. म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरून रिगला मुद्दाम जड करायचं आणि वाट बघायची. एखादा पाय अचानक खचला तर तो आत्ताच खचलेला बरा. तो स्थिर आहे अशी खात्री झाली की पाणी सोडून द्यायचं आणि रिग लाटांच्या वर उचलायची. रिग मूव्हच्या त्या रात्री कोणी झोपत नाही. टूलपुशर, म्हणजे रिगवरच्या खोदाईचा प्रमुख, तर जेवतही नाही.

मग खोदाई. आधी ३० इंची पोलादी नळी, तिला कंडक्टर म्हणतात, त्यात २० इंची नळी, म्हणजे केसिंग, त्यात १३ ३/८, त्यात ९ ५/८. दुर्बिणीच्या नळ्या एकात एक बसाव्यात तशी विहीर खाली अरुंद होत जाते. प्रत्येक केसिंगमागे सिमेंट. खाली बिट, म्हणजे खडक फोडणारं दातेरी टोक, फिरत असते, पाइपातून मड, म्हणजे चिखलासारखं दाट द्रव, खाली जातं आणि खडकाचा चुरा घेऊन बाहेरच्या अंगाने वर येतं. ड्रिलरचं सगळं लक्ष त्या मडवर. गेलं त्यापेक्षा जास्त वर आलं तर खालून वायू किंवा पाणी विहिरीत शिरतंय. त्याला आम्ही किक म्हणतो. ती वेळेत ओळखून बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच, बंद केला नाही तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. गेलं त्यापेक्षा कमी वर आलं तर खडक मड पितोय. मुंबई हायचा मुख्य थर, आम्ही त्याला एल-थ्री म्हणायचो, तेराशे-चौदाशे मीटर खोलीवरची चुनखडी आहे. पन्नास वर्षं तेल काढून तिचा दाब उतरलाय. ती मड पिते, भरपूर पिते. बारा तासांची टूर, म्हणजे पाळी, संपवून खाली आलं तरी कानात पंपांचा आवाज राहायचा, आणि घरी आल्यावर चौदा दिवसांतले पहिले दोन तो थांबलाय हे समजण्यात जायचे.

या मुंबई हायने ऐंशीच्या दशकात दिवसाला चार लाख बॅरलांहून जास्त तेल दिलंय. आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास देतं. म्हणजे आता तिथे खोदलेली नवी विहीर उत्पादन वाढवण्यापेक्षा ते टिकवण्यासाठी जास्त असते. जुन्या विहिरीच्या कुशीतून साइडट्रॅक काढायचा, राहून गेलेल्या तेलापर्यंत आडवं जायचं, गंजलेली केसिंग बदलायची, पाणी मारून दाब राखायचा. जुनं घर राहतं ठेवायला जसा गवंडी कायम घरात लागतो, तसंच. जानेवारी २०२५ मध्ये याच क्षेत्रासाठी बीपी या परदेशी कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवेचं काम दिलं गेलं. याचा सरळ अर्थ मी असा घेतो की पुढची दहा वर्षं आमच्या समुद्रात काम वाढणार. रिग वाढतील, सपाट तळाचे तराफ्यासारखे बार्ज वाढतील, पाइप टाकणारे, वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी वाढतील. बरंच आहे. आमच्याकडची पोरं त्याच कामाची वाट बघत बसलीत.

आता मुद्द्यावर येतो.

रिगवर पाऊल ठेवलं की पहिली गोष्ट हातात येते ती टी-कार्ड. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं जाड कागदाचं कार्ड. त्यावर तुमचं नाव, काम, खोली आणि लाइफबोटीचा नंबर. ते मस्टर स्टेशनच्या बोर्डावर खाचेत अडकवलेलं असतं. भोंगा वाजला की प्रत्येकाने तिथे यायचं आणि आपलं कार्ड फिरवायचं. जे कार्ड फिरलं नाही, तो माणूस आला नाही. मग त्याला शोधायला कोण जाणार हे ठरलेलं. रिगचा मॅनेजर असो वा गॅलीत भांडी घासणारा, बोर्डावर कार्ड सारखंच. शंभर-सव्वाशे माणसं दहा मिनिटांत मोजून होतात. दर आठवड्याला याचा सराव होतो. पहाटे तीनला झाला तरी कोणी कुरकुरत नाही. कुरकुर केली तर टूलपुशर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लावतो.

मला हे नवीन वाटलं नव्हतं. माझे वडील करंज्याच्या बोटीवर खलाशी होते. बोट धक्क्याला लागली की तांडेल आधी माणसं मोजायचा. मोठ्याने, बोट दाखवून. म्हावरं त्यानंतर उतरायचं, मग ते कितीही चांगलं मिळालेलं असो. धक्क्यावर उभ्या बायकाही मनात मोजतच असायच्या. बोटीवरचा आकडा आणि धक्क्यावरचा आकडा जुळला की मगच टोपल्या पुढे यायच्या. लहानपणी मला वाटायचं, ही काहीतरी देवाची रीत असेल. रिगवर टी-कार्ड हातात आलं तेव्हा समजलं, तांडेल काय करत होता.

फरक एवढाच की करंज्याला धक्क्यावरही मोजणारं कोणीतरी होतं. तेलाच्या धंद्यात ते नाही. समुद्रात आम्हाला कळतं, किनाऱ्यावर कोणाला कळत नाही.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या महापुरात मुंबई बुडालेली. मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर एका जखमी माणसाला उपचारासाठी आणत असताना जहाज उसळत्या समुद्रात रायझरवर, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपवर, आदळलं. वायू सुटला, पेटला, आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म पाण्याखाली गेला. ३६२ माणसं वाचवली गेली, २२ गेली. मी त्या दिवशी दुसऱ्या रिगवर होतो. आम्ही सगळे धडधाकट आहोत हे आम्हाला दहा मिनिटांत माहीत होतं. इकडे नेरुळला वीज नव्हती, फोन बंद, आणि शेजारच्याच्या रेडिओवर एवढंच की मुंबई हायला आग लागली. ‘हाय’ केवढं मोठं आहे, त्यात किती प्लॅटफॉर्म आहेत, हे माझ्या बायकोला कसं माहीत असणार? तिला दोन दिवसांनी कळलं. त्या दोन दिवसांबद्दल ती आजही बोलत नाही. मीही विचारत नाही.

त्या वेळी मी मनाची समजूत घातली की शहरच बुडालं होतं, कोण कोणाला सांगणार. सोळा वर्षांनी ती समजूत टिकली नाही.

१७ मे २०२१. तौक्ते वादळ. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. हीरा तेलक्षेत्राजवळ ‘पापा-३०५’ हा राहण्याची सोय असलेला बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. ‘वरप्रदा’ नावाच्या टगवर तेरा होते, दोघे वाचले. त्याच वादळात ‘सागर भूषण’ हे ड्रिलशिपही भरकटलं. त्यावरची १०१ माणसं सुखरूप परतली, हे नौदलाचे आणि तटरक्षक दलाचे उपकार. एकूण ८६ जीव गेले. ते बहुतेक कंत्राटी कामगार होते. कितीएकांची ओळख पटवायला जे.जे. रुग्णालयात डीएनए तपासावा लागला.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. फिटर आहे. तो त्या मे महिन्यात समुद्रावर होता. त्याच्या आईला इतकंच ठाऊक की तो ‘ओएनजीसीच्या बार्जवर’ गेलाय. बार्जचं नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मुलाने सांगितलं असेल तर तिच्या लक्षात नव्हतं. ज्या ठेकेदाराने त्याला पाठवलं होतं त्याचा फोन बंद. त्याच्या वरच्या ठेकेदाराने सांगितलं, आमच्या यादीत हे नाव नाही. तिसऱ्या एकाने सांगितलं, आहे, पण कुठल्या बार्जवर ते बघून सांगतो. त्याने पुन्हा फोन उचलला नाही. तीन दिवस ती बाई टीव्हीसमोर बसून होती. पडद्यावर नौदलाच्या जहाजातून उतरणारी माणसं दिसत होती आणि ती प्रत्येकाच्या चेहऱ्यात आपला मुलगा शोधत होती. मी माझ्या जुन्या ओळखीतून फोन लावत होतो. तिसऱ्या दिवशी रात्री कळलं की तो दुसऱ्याच बार्जवर होता, त्याला काही झालेलं नव्हतं, फक्त मोबाइलला रेंज नव्हती.

तो वाचला. पण मला त्या तीन दिवसांत जे दिसलं ते चौतीस वर्षं रिगवर राहून दिसलं नव्हतं. मी कायम बोर्डाच्या या बाजूला होतो, जिथे कार्ड फिरतं. त्या बाजूला काहीच नसतं.

महोदय, ही माहिती अस्तित्वात नाही असं कोणी म्हणू नये. रोज सकाळी प्रत्येक रिगवरून किनाऱ्यावर ड्रिलिंग रिपोर्ट जातो. मी स्वतः त्यासाठी आकडे दिलेत. काल किती मीटर खोदलं, मडचं वजन किती, कितव्या नंबरची बिट, डिझेल किती उरलं, पिण्याचं पाणी किती उरलं, आणि रिगवर माणसं किती. नावांची यादी रेडिओ रूममध्ये तयार असते, कारण चॉपरमध्ये किंवा बोटीत नावाशिवाय कोणाला बसता येत नाही. जुहूच्या हेलिबेसवर प्रत्येकाचं वजनसुद्धा लिहून घेतात. न्हावा तळावर बोटीत चढताना पास बघतात. एवढं सगळं लिहिलेलं असतं. पण त्याला एका जागी आणून घरच्यांना उत्तर देणारा एक माणूस, एक टेबल, एक फोन नसतो.

यात कायम नोकरीतला माणूस आणि कंत्राटी माणूस यांच्यातली दरी फार मोठी आहे. कायम माणसाच्या घरी ऑफिसातून फोन येतो. कंत्राटी मुलाच्या वर एक ठेकेदार, त्याच्या वर दुसरा, मध्ये एखादा मुकादम, शिवाय सीबीडी बेलापूरच्या एखाद्या इमारतीतला एजंट, ज्याचं ऑफिस पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही. वादळ आलं की ही साखळी एकेका कडीने तुटते, आणि तुटते ती नेहमी घराकडच्या टोकाने.

जमिनीवर असं होत नाही, निदान इतकं होत नाही. तुमच्या ५७८ मधल्या बहुतेक विहिरी जमिनीवरच्या आहेत, गुजरातेत, आसामात, त्रिपुरात, दक्षिणेत. तिथे विहिरीच्या आजूबाजूला गाव असतं, पोलीस ठाणं असतं, तहसीलदार असतो. मे २०२० मध्ये आसामात बागजानची विहीर उफाळली, पुढे पेटली, आणि ती विझेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. त्या संकटात गावकरी बोलले, वार्ताहर पोहोचले, जिल्हाधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. आमच्या समुद्रात बारा सागरी मैलांपलीकडे राज्य सरकारचाही हात पोहोचत नाही. घटनेच्या २९७ व्या कलमाने तिथलं तेल केंद्राचं. त्यामुळे मुंबई हायच्या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळत नाही, यावर आमच्याकडे बरंच बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. पण आज मला रॉयल्टीचं बोलायचं नाही. जिथे गाव नाही, ठाणं नाही, तहसीलदार नाही, तिथे मोजायची जबाबदारी पूर्ण तुमची आहे, एवढंच म्हणायचंय.

आणि मोजण्यात आणखी एक गोष्ट येते. समुद्रातल्या कामाला वर्षात दोन तारखा असतात. एक ३१ मार्च, त्या दिवशी विहिरींचा आणि मीटरचा हिशोब बंद होतो. दुसरी तारीख पावसाची. ऑक्टोबर ते मे हा आमचा हंगाम. रिग पावसातही उभी राहून खोदू शकते, पण तिला हलवणं, बार्जवरून पाइप टाकणं, प्लॅटफॉर्मची जोडणी, हे सगळं मेअखेरीच्या आत उरकायचं असतं. मार्चमध्ये विहिरींची घाई, एप्रिल-मेमध्ये बार्जची घाई. मी ही घाई आतून बघितलीय. ‘एवढी एक केसिंग उतरवू मग बघू’, ‘एवढा एक जोड झाला की निघू’. रिगवरच्या माणसाला स्वतःलाच काम अर्धवट सोडवत नाही, त्याला कोणी धाक घालावा लागत नाही. म्हणूनच थांबायचा निर्णय त्याच्यावर सोडता येत नाही. बार्ज माघारी कधी बोलवायचे, कोणी बोलवायचे आणि इशारा आल्यावर किती तासांत, हे तौक्तेनंतर ठरलं असेल तर ते आम्हाला वाचू द्या. प्रत्येक हंगामानंतर, कुठल्या इशाऱ्याला कोणता बार्ज कधी हलला, हेही छापा. २००८ च्या नियमांनी समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेची देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे दिलीय. असा तक्ता मागवणं त्यांना जड नाही.

माझी मुख्य मागणी मात्र एकच आहे, आणि तिला फार पैसे लागत नाहीत.

किनाऱ्यावर टी-कार्डाचा बोर्ड लावा.

पश्चिम समुद्रातली प्रत्येक रिग, प्लॅटफॉर्म, बार्ज, टग आणि पुरवठा बोट यांच्यावर या क्षणी कोण आहे, याची एकच यादी असावी. कायम, कंत्राटी, उपकंत्राटी, गॅलीतला पोऱ्या, सगळे एका यादीत. चॉपर उतरला, बोट लागली की यादी बदलली पाहिजे. ती जाहीर करा असं मी म्हणत नाही. हे प्लॅटफॉर्म देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक आहेत हे मला कळतं, आणि कोणाच्या नावाचा बाजार व्हावा असंही मला वाटत नाही. माणूस समुद्रावर जाताना त्याच्या घरच्या एका व्यक्तीचा फोन नंबर लिहून घ्या आणि त्या व्यक्तीला एक क्रमांक द्या. तो क्रमांक सांगितला की दिवसा-रात्री कधीही उत्तर मिळावं: अमुक बार्जवर आहे, सुखरूप आहे, किंवा शोध चालू आहे. ‘शोध चालू आहे’ हेसुद्धा उत्तर आहे. फोन उचलणाऱ्याला मराठी यावी, हिंदी यावी, बंगाली, तेलुगू, मल्याळम जाणणारं कोणी हाताशी असावं, कारण बार्जवर सगळा देश असतो. हे टेबल मुंबईत ठेवा, पनवेलला ठेवा, उरणला ठेवा. कुठेही ठेवा, पण ते ठेकेदाराच्या ऑफिसात नको.

सगळे ठेकेदार वेगवेगळे, सगळ्यांची माहिती एकत्र कशी करणार, असं म्हणाल तर एक सांगतो. डिझेलचं बिल सगळे ठेकेदार तुम्हाला तुमच्याच नमुन्यात देतात. माणसांची यादीही देतील. ती दिल्याशिवाय बिल पास होणार नाही असं ठरवलंत तर पहिल्या महिन्यातच देतील.

दुसरं म्हणजे ते वार्षिक पान. ज्या पत्रकात विहिरी आणि मीटर छापता, त्याच पत्रकात, त्याच पानावर, वर्षभरात समुद्रात किती माणसांनी किती दिवस काम केलं, त्यात कंत्राटी किती, जखमी किती, आणि किती घरी परतले नाहीत, हे छापा. हे आकडे वार्षिक अहवालात मागे कुठेतरी असतात हे मला माहीत आहे. पण बातमी मागच्या पानाची होत नाही. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूजवळ चॉपर पडला, त्यातले सातही जण गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ पडला, नऊपैकी चौघे गेले. त्या त्या वर्षी विहिरी किती झाल्या हे माझ्या वहीत आहे. शेजारी ही माणसं मी हाताने लिहिली आहेत. ती मला हाताने लिहावी लागू नयेत.

जाता जाता मच्छीमारांचं. तेलशोधाचा भूकंपीय सर्वेक्षणाचा हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतरचाच, आणि मासेमारीचाही तोच. सर्वेक्षणाच्या जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब केबल असते, तिच्या वाटेतून बोटींनी दूर जायचं असतं. सातपाटी, वसई, उत्तनपासून करंज्यापर्यंत हा दर वर्षीचा वाद आहे. कुठलं जहाज कुठल्या आठवड्यात कुठे असेल याचं पत्रक मराठीत, महिनाभर आधी, मच्छीमार संस्थांच्या फळ्यावर लागलं तर निम्मा वाद तिथेच मिटेल. माझ्या भावकीतले लोक त्या बोटींवर आहेत आणि माझी चौतीस वर्षं या जहाजांवर गेली, त्यामुळे मला दोन्हीकडचं दुःख कळतं. या विषयावर सविस्तर पुन्हा कधीतरी लिहीन.

माझं हे पत्र म्हणजे तेल काढू नका असं नव्हे. कोणी तसं वाचू नये. या धंद्याने मला घर दिलं, मुलीचं शिक्षण दिलं, आणि भर समुद्रात रात्री डेरिकवरून दिसणारं आकाश दिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खोदा, आणखी खोदा, ५७८ च्या ६०० होऊ द्या. मी तेही कात्रण कापून ठेवीन.

तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा पाऊस संपला की पुन्हा बार्जवर जातो आहे. या वेळी त्याच्या आईने तयारी केलीय. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलाय. वर बार्जचं नाव, खाली ठेकेदाराचा नंबर, त्याखाली मुकादमाचा, त्याखाली मुलाच्या दोन मित्रांचे. आणि सगळ्यात वर, देवाच्या नावाखाली, एक ओळ तिने रिकामी ठेवलीय. परवा मला विचारत होती, काका, इथे ऑफिसचा कुठला नंबर लिहू?

मी तिला थांबायला सांगितलंय. तो नंबर तुमच्याकडून येऊ दे. ऑक्टोबरच्या आत आला तर बरं होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्रिलर
नेरुळ, नवी मुंबई